दुबईत दोघं, जर्मनीत एक जण ठेवायचाय. करार आणि पगार जळगावहूनच केला तर चालेल का?

जोडणी_एमआयडीसी (जळगाव)

राम राम मंडळी. आमचा जळगाव एमआयडीसीत ठिबकचे फिटिंग आणि पीव्हीसी पाइपचे जोड बनवायचा कारखाना आहे. कामगार ६०, उलाढाल साधारण १२ कोटी. सध्या प्रोप्रायटरशिप आहे, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) करायचं चाललंय. आखातात माल जातोच, आता बाहेर स्वतःची माणसं बसवायची आहेत.

दुबईत दोघं. एक आमच्याच डिस्पॅचचा भुसावळचा माणूस. तो गोदामातला साठा बघेल, डीलरना भेटेल, ऑर्डर घेईल. दुसरा त्याच्या हाताखाली चोपड्याचा मुलगा, शिक्षण नववी.

जर्मनीत एक. अमळनेरचा इंजिनिअर आहे, तिथेच मास्टर्स केलंय, नोकरी शोधायच्या परवान्यावर आहे. माल तपासणी करून घेणं आणि ग्राहकांशी तांत्रिक बोलणी, एवढं त्याचं काम.

बेत असा आहे: तिघांशी जळगावात स्टॅम्प पेपरवर करार, वाद झाला तर जळगाव न्यायालय. पगार इथल्या खात्यातून. दुबईचे दोघं आधी तीन महिने व्हिजिट व्हिसावर जातील, जम बसला की पुढचं पाहू. जर्मनीवाल्याला कर्मचारी न दाखवता 'कन्सल्टंट' दाखवू, तो दर महिन्याला बिल देईल. यात कुठे चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. माणसं जाण्याआधी सगळं नीट करायचंय.

लेबरलॉ_धुळे

भाऊ, आधी विचारलंत ते फार चांगलं केलंत. यातल्या तीन गोष्टी आजच्या आज बेतातून काढा: जळगाव न्यायालयाचं कलम, व्हिजिट व्हिसा आणि 'कन्सल्टंट'.

मूळ गोष्ट अशी की कामगार कायदा माणसाच्या कामाच्या जागेचा लागतो. करार कुठे झाला, पगार कुठल्या बँकेतून गेला, मालक कुठला, याने फारसा फरक पडत नाही. युरोपात तर याचा लिखित नियमच आहे. करारात भारतीय कायदा लिहिता येतो, पण ज्या देशात माणूस नेहमी काम करतो तिथल्या सक्तीच्या कामगार तरतुदींचं संरक्षण त्या कलमाने काढून घेता येत नाही. आणि मालक भारतात असला तरी तो माणूस जर्मनीतल्या कामगार न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे तुमचं जळगाव न्यायालयाचं कलम कागदावरच राहील.

आता दुबई. तिथला कायदा म्हणजे २०२१ चा संघीय आदेश-कायदा क्रमांक ३३, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. दुबईतलं डीआयएफसी आणि अबू धाबीतलं एडीजीएम या दोन आर्थिक फ्री झोनचे (परदेशी धंद्यांसाठी वेगळे नियम असलेल्या क्षेत्रांचे) रोजगार कायदे वेगळे आहेत. बाकी फ्री झोनमध्ये कामगार कायदा हाच, परवानगी देणारी कचेरी तेवढी निराळी.

तिथे वर्क परमिट मालकाच्या नावावर निघतं आणि तो मालक तिथला परवानाधारक लागतो. जळगावच्या फर्मच्या नावावर परमिट निघणार नाही. तेव्हा एक तर तिथे स्वतःची एलएलसी किंवा फ्री झोन कंपनी काढा (२०२१ पासून बहुतेक व्यवसायांत मेनलँडवर, म्हणजे फ्री झोनबाहेरही, १०० टक्के परदेशी मालकी चालते), नाही तर तिथल्या कामगार मंत्रालयाचा परवाना असलेल्या मनुष्यबळ कंपनीमार्फत माणूस ठेवा.

त्यानंतरचा क्रम असा. आधी मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात ऑफर लेटर, त्यावर माणसाची सही. मग परमिटची मंजुरी, एंट्री परमिट, तिथे उतरल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडीसाठी बोटांचे ठसे, करार आणि शेवटी रेसिडेन्स. गाडी अडते ती बहुतेक एका जागी: ऑफर लेटरवर एक आकडा आणि करारात दुसरा. ऑफरमध्ये ५,००० दिरहम लिहून करारात ४,००० करता येत नाहीत. कामगाराच्या हिताचा बदल चालतो, उलटा चालत नाही.

पगाराची फोड करताना सावध राहा. ग्रॅच्युइटी फक्त मूळ पगारावर निघते. वर्ष पूर्ण झालं की पहिल्या पाच वर्षांपर्यंत दर वर्षाला २१ दिवसांचा मूळ पगार, त्यापुढच्या दर वर्षाला ३० दिवसांचा, एकूण कमाल दोन वर्षांचा पगार. समजा एकूण पगार ५,००० आणि मूळ ३,०००. दिवसाचे झाले १००. चार वर्षांनी सोडलं तर ८,४०० दिरहम. सात वर्षांनी सोडलं तर पहिल्या पाचाचे १०,५०० आणि पुढच्या दोनाचे ६,०००, मिळून १६,५००. हे पैसे आणि बाकी हिशेब नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत द्यायचे असतात. म्हणून दर महिन्याला बाजूला टाकत चला. मूळ पगार मुद्दाम अगदी लहान ठेवायची युक्ती काही जण सांगतात. ती करू नका. माणूस परमुलखात तुमच्या भरवशावर राहतोय, त्याची पुंजी तेवढीच असते.

बाकीचं थोडक्यात. प्रोबेशन कमाल ६ महिने, त्यातही काढायचं असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस. पुढे नोटीस ३० ते ९० दिवस, करारात जी लिहाल ती. काम दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. ओव्हरटाइमला २५ टक्के जादा, रात्री १० ते पहाटे ४ मध्ये असेल तर ५० टक्के. वर्ष भरल्यावर ३० दिवस पगारी रजा, आणि हे कॅलेंडरचे दिवस आहेत. आजारपणाची रजा प्रोबेशननंतर वर्षाला ९० दिवस: १५ पूर्ण पगारी, ३० अर्ध्या पगारी, ४५ बिनपगारी. करार मुदतीचाच असतो. मुदत संपली आणि काम तसंच चालू राहिलं तर तो त्याच अटींवर वाढला असं धरतात.

पगार डब्ल्यूपीएस या सरकारी वेतन-संरक्षण यंत्रणेतून द्यावा लागतो. खात्यात किती आणि कधी पडले ते मंत्रालयाला दिसतं. उशीर झाला की पुढची परमिटं अडकतात. जळगावहून पैसे पाठवायचे झाले तरी ते आधी दुबईच्या कंपनीच्या खात्यात आणि तिथून डब्ल्यूपीएसने कामगाराला. इथल्या खात्यातून थेट त्याच्या घरच्या खात्यात रुपये टाकले तर तिथे तो पगार दिलाच नाही असं होतं.

सावदा_रीफर

वर सगळं बरोबर सांगितलंय. मी व्हिजिट व्हिसाबद्दल आणि चोपड्याच्या पोराबद्दल तेवढं बोलतो.

व्हिजिट व्हिसावर काम म्हणजे बिनपरवाना काम. २०२४ च्या दुरुस्तीनंतर परमिटशिवाय माणूस कामाला लावणाऱ्याला १ लाख ते १० लाख दिरहम दंड आहे. गोदामात तपासणी आली, पोरगं खोके मोजताना दिसलं, की 'पाहुणा आलाय' हे कोणी ऐकत नाही. केळीच्या धंद्यात आपल्याकडची बरीच माणसं अशीच 'आधी बघून तर येऊ' म्हणत जातात आणि अडकतात. बाजार बघायला, डीलरना भेटायला मालकाने स्वतः जाणं वेगळं आणि रोज गोदाम चालवणं वेगळं.

तो मुलगा नववी म्हणजे त्याचा पासपोर्ट ईसीआर (नोकरीला बाहेर जाताना सरकारी मंजुरी लागणारा) असणार. आजच हातात घेऊन बघा, शिक्का किंवा नोंद दिसेल. ईसीआर पासपोर्टवर यूएईला नोकरीला जायचं तर ई-मायग्रेट पोर्टलवरून इमिग्रेशन क्लिअरन्स लागतो. त्यासाठी दुबईतला मालक पोर्टलवर नोंदलेला हवा, नाही तर परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असलेला रिक्रूटिंग एजंट हवा. एजंट घेतलात तर नोंदणी क्रमांक पोर्टलवर टाकून बघा. कामगाराकडून तो कमाल ३०,००० रुपये आणि जीएसटी घेऊ शकतो, तेही पावतीने. तिकडच्या कायद्याप्रमाणे तर भरतीचा खर्च मालकाचाच, कामगाराकडून थेट वा आडून वसूल करायची मनाई आहे. प्रवासी भारतीय बीमा योजनेची पॉलिसी क्लिअरन्सच्या आधी निघते, कव्हर १० लाखांचं. हप्ता किरकोळ आहे, तुम्हीच भरा.

आणखी दोन गोष्टी हात जोडून सांगतो. 'सांभाळायला' म्हणून त्याचा पासपोर्ट ऑफिसात ठेवून घेऊ नका, ते बेकायदा आहे. आणि दुबईत आरोग्य विमा मालकाने काढायचा असतो, त्याचे पैसे पगारातून कापता येत नाहीत. बेरोजगारी विमा मात्र कामगाराचा स्वतःचा, मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला ५ दिरहम. तो भरायचा राहून गेला की दंड त्याच्यावर पडतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात शेजारी बसून भरून घ्या.

पांझरा_ते_म्युनिक

जर्मनीचं मी सांगतो. 'कन्सल्टंट' हा शब्द तिथे सगळ्यात महाग पडेल.

एकाच ग्राहकासाठी काम, रोज काय करायचं ते तुम्ही सांगणार, लॅपटॉप तुमचा, ईमेल तुमच्या फर्मचा, रजा विचारून घ्यायची, महिन्याला ठरलेली रक्कम. अशा माणसाला जर्मनीत खोटा स्वयंरोजगारी म्हणतात. बिलावर काय लिहिलंय ते न बघता पेन्शन विमा संस्था काम प्रत्यक्ष कसं चालतं ते बघते. कर्मचारी ठरला की मागच्या चार वर्षांची सामाजिक विम्याची वर्गणी मालकावर बसते, मालकाचा वाटा आणि कामगाराचा वाटा दोन्ही. मुद्दाम केलं असं ठरलं तर मागे जायची मुदत तीस वर्षं. थकबाकीवर दर महिना १ टक्का अधिभार. कामगाराचा वाटा नंतर त्याच्याकडून कापून घेऊ म्हणाल, तर तो फक्त पुढच्या तीन पगारांतून कापता येतो. बाकीचा तुमच्या माथी. त्याने नोकरी सोडलेली असेल तर सगळाच.

त्या मुलाचंही नुकसान आहे. पदवीनंतरचा परवाना १८ महिन्यांचा, त्यात तो कुठलंही काम करू शकतो. पण पुढचा परवाना त्याच्या शिक्षणाला साजेशा नोकरीवर मिळतो. ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) घ्यायचं तर २०२६ साठी वर्षाला किमान ५०,७०० युरो पगार हवा, आणि त्याच्यासारख्या नव्या पदवीधराला किंवा टंचाईच्या व्यवसायात ४५,९३४.२० युरो. जळगावच्या फर्मची बिलं दाखवून ते होणार नाही. करारावर सही करण्याआधी त्याला त्याच्या शहरातल्या परकीय नागरिक कार्यालयात पाठवा आणि 'मालक भारतात आहे, जर्मनीत शाखा नाही' हे स्पष्ट सांगून लेखी उत्तर आणायला लावा. उत्तर नकारार्थी आलं तर तिथे छोटी कंपनी काढणं किंवा मनुष्यबळ कंपनी, एवढेच रस्ते उरतात.

समजा होकार आला. मग शाखा नसतानाही तुम्ही त्याचे मालक म्हणून नोंदू शकता. काय काय करावं लागतं ते सांगतो.

केंद्रीय रोजगार संस्थेकडून आठ आकडी मालक क्रमांक घ्यायचा. त्याशिवाय आरोग्य विमा कंपनी वर्गणी घेत नाही. मालकाचं जर्मनीत कार्यालय नसेल तर कागदपत्रं ठेवायला आणि नोटिसा घ्यायला जर्मनीतला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. बहुतेक जण तिथलाच पगार-हिशेबनीस नेमतात. आरोग्य विमा कोणत्या कंपनीचा ते मुलगा निवडतो, सगळी वर्गणी त्याच कंपनीकडे एकरकमी जाते आणि ती पुढे वाटून देते. अपघात विमा त्या-त्या धंद्याच्या विमा संघाकडे वेगळा नोंदवायचा. तो खर्च पूर्ण मालकाचा आणि लोक नेमका हाच विसरतात.

मालकाचा वाटा साधारण २१ टक्के धरा: पेन्शन ९.३, बेरोजगारी १.३, आरोग्य ७.३ आणि वर त्या कंपनीच्या जादा दराचा निम्मा, शुश्रूषा विमा १.८. महिना ४,५०० युरोवर ९५० च्या आसपास, शिवाय अपघात विमा आणि आजारपण-बाळंतपणाच्या निधीची छोटी वर्गणी. ही रक्कम त्याच महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवशी तिथे पोचलेली हवी, आणि हिशेबाचं पत्रक त्याच्याही दोन दिवस आधी. आपल्याकडे पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची सवय असते, ती इथे घात करते. जळगावहून युरो पाठवायला बँकेत दोन-तीन दिवस जातात, मध्ये शनिवार-रविवार येतो. २० तारखेलाच पैसे सोडा.

आयकराचं मात्र उलटं. तुमचं जर्मनीत स्थायी ठिकाण (तिथे कर लागण्याइतका धंद्याचा पाया) धरलं जात नसेल तर पगारातून कर कापायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. तो स्वतः कर कार्यालयाला तिमाही आगाऊ कर भरतो: १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर, १० डिसेंबर. हे त्याला पहिल्याच दिवशी सांगा. खात्यात जास्त पैसे दिसतात म्हणून तो खर्च करून बसेल.

करारात मुदत घालणार असाल तर नीट ऐका. बिनमुदतीच्या नोकरीच्या अटी आता ईमेलने दिल्या तरी चालतात. पण 'दोन वर्षांसाठी' अशी मुदत घातली की कागदावर दोघांच्या शाईच्या सह्या (किंवा तिथे मान्य असलेल्या पात्र इलेक्ट्रॉनिक सह्या) लागतात, त्याही काम सुरू व्हायच्या आधी. त्याने १ तारखेला काम सुरू केलं आणि तुमचं कुरिअर जळगावहून ६ तारखेला पोचलं, तर मुदतीचं कलम गेलं आणि नोकरी कायमची झाली. स्कॅन पाठवून भागत नाही. कारणाशिवाय मुदतीचा करार कमाल दोन वर्षांचा, त्यात तीनदाच वाढवता येतो.

कामाची वेळ दिवसाला ८ तास, सरासरी सांभाळून १० पर्यंत. दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तास विश्रांती, रविवार बंद. हिवाळ्यात जळगावात सकाळचे १० म्हणजे तिथे पहाटेचे ५:३०. आदल्या रात्री ९ पर्यंत त्याने ग्राहकाचा कॉल घेतला असेल आणि तुम्ही १० च्या मीटिंगला बोलावलंत, तर विश्रांती साडेआठच तासांची झाली. मीटिंग दुपारी २ नंतर ठेवा. रजा पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस, पण इंजिनिअरला एवढ्यावर कोणी ठेवत नाही. आजारी पडला तर नोकरीला चार आठवडे झाल्यानंतर सहा आठवडे पूर्ण पगार तुम्ही द्यायचा, पुढे आरोग्य विमा. त्यातला काही भाग लहान मालकांना वर सांगितलेल्या आजारपणाच्या निधीतून परत मिळतो, म्हणून ती वर्गणी चुकवू नका.

सीए_चाळीसगाव

पैशाचा आणि कराचा भाग मी घेते. दादा, यात तुमची प्रोप्रायटरशिप आडवी येईल.

परदेशी गुंतवणुकीच्या २०२२ च्या नियमांत 'भारतीय संस्था' म्हणजे कंपनी, एलएलपी, नोंदणीकृत भागीदारी. प्रोप्रायटर त्यात बसत नाही. आजच्या स्थितीत दुबईत एलएलसी काढलीत तर ती तुमची व्यक्तिगत गुंतवणूक होईल, एलआरएसच्या (व्यक्तीने परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेच्या) वर्षाला २,५०,००० डॉलरच्या मर्यादेत. त्यात कंपनीला कर्ज देता येत नाही, भांडवलच टाकावं लागतं. एलएलपी आधी केलीत तर निव्वळ संपत्तीच्या ४०० टक्क्यांपर्यंत मोकळीक मिळते. तुमचं एलएलपीचं चाललंच आहे, तर ते आधी उरका आणि मग दुबई. उलट क्रमाने गेलात तर पुढे शेअर वैयक्तिक नावावरून एलएलपीकडे वळवायची यातायात होईल.

पैसे पाठवण्याआधी बँकेत फॉर्म एफसी देऊन यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. शेअर मिळाल्याचा पुरावा सहा महिन्यांत. त्यानंतर दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत एपीआर, म्हणजे तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल. तो चुकला की उशिराचं शुल्क भरून नियमित करेपर्यंत पुढचा पैसा पाठवता येत नाही. म्हणजे इकडे एक कागद राहिला की तिकडे त्या दोघांचा डब्ल्यूपीएसचा पगार थांबला. तारीख कॅलेंडरवर लाल पेनने लिहून ठेवा.

कंपनी न काढता नुसती शाखा-कचेरी ठेवायची असेल तर ती गुंतवणूक धरत नाहीत, खर्चाला मर्यादा असते. सुरुवातीला मागच्या दोन वर्षांच्या सरासरी विक्रीच्या १५ टक्के किंवा निव्वळ संपत्तीच्या २५ टक्के, जे जास्त असेल ते. नंतरच्या चालू खर्चाला सरासरी विक्रीच्या १० टक्के. तुमची सरासरी १२ कोटी धरली तर १ कोटी ८० लाख आणि १ कोटी २० लाख. दोघं-तिघांच्या पगाराला पुष्कळ झाले.

आता स्थायी ठिकाणाचं. जर्मनीतला मुलगा माल तपासतो आणि तांत्रिक बोलतो तोवर जोखीम कमी. त्याने तुमच्या वतीने भाव ठरवून करार पक्के करायला सुरुवात केली की जर्मनीत तुमचं 'स्थायी ठिकाण' आहे असं म्हटलं जाऊ शकतं, आणि तेवढ्या नफ्यावर तिथे कर. भारताच्या अनेक कर-करारांत नेहमी साठा ठेवून माल देणारा किंवा जवळजवळ एकट्या तुमच्यासाठीच ऑर्डर मिळवणारा माणूसही यात धरतात. भुसावळच्या माणसाचं काम तुम्ही 'साठा बघेल, ऑर्डर घेईल' असं लिहिलंय, ते नेमकं या व्याख्येत जातं. म्हणून दुबईत स्वतःची कंपनी काढणंच स्वच्छ. तिला ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट कर, आणि जळगावहून तिला विकलेल्या मालाचा भाव बाजारभावाशी जुळता ठेवावा लागेल. जर्मनीवाल्याच्या नेमणूकपत्रात 'भाव ठरवण्याचा व करार करण्याचा अधिकार नाही' हे लिहा आणि ईमेलमध्येही तसंच वागा. कर अधिकारी ईमेल वाचतात.

भुसावळच्या माणसाची निघायची तारीख फार महत्त्वाची. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय त्या आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला तर निवासी ठरतो आणि दुबईचा पगारही इथे करपात्र होतो. १ एप्रिलपासून मोजा: २८ सप्टेंबरला विमानात बसला तर १८१ दिवस. ऑक्टोबरमध्ये गेला तर त्या वर्षीचा पगार भारतात करात. दसऱ्यानंतर पाठवू म्हणू नका, घरच्यांना समजावून आधी पाठवा. पुढे सुट्टीला आला तरी दिवस मोजायचे.

तो तुमच्याकडे किती वर्षं आहे? पाच पूर्ण झाली असतील तर इथली ग्रॅच्युइटी हिशेब करून द्या किंवा सेवा अखंड धरल्याचं लेखी द्या. राजीनामा लिहून घेऊन ते पैसे बुडवले असं होता कामा नये. यूएईशी भारताचा सामाजिक सुरक्षा करार नाही, त्यामुळे तिकडच्या कंपनीच्या पगारावर पीएफचा प्रश्न येत नाही.

जोडणी_एमआयडीसी (जळगाव)

ताई, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. एलएलपी आधी, व्हिजिट व्हिसा रद्द, कन्सल्टंट रद्द. आता दोन शंका. एक, जर्मनीशी तर करार आहे म्हणतात, मग तिथे पीएफ चालू ठेवून ती २१ टक्के वर्गणी वाचत नाही का? दोन, मनुष्यबळ कंपनीने माणूस आपल्या नावावर घ्यायचा आणि काम आमचं करायचं, असं दोन्ही देशांत मिळतं. वर्षभर तेच करावं का?

लेबरलॉ_धुळे

पहिल्याचं उत्तर: या मुलाच्या बाबतीत वर्गणी वाचत नाही. जर्मनीबरोबरचा विस्तृत करार १ मे २०१७ पासून लागू आहे, पण तो इथे नोकरीत असलेला आणि पीएफचा सभासद असलेला माणूस तिकडे पाठवला तर. त्याला ईपीएफओकडून कव्हरेज सर्टिफिकेट मिळतं आणि ४८ महिन्यांपर्यंत तिथली पेन्शन आणि बेरोजगारीची वर्गणी टळते. आरोग्य विमा टळत नाही. तुमचा मुलगा तिथेच नेमला जातोय, त्याला हे लागू नाही. त्याला आधी जळगावात बोलावून दोन महिने पीएफ भरून परत पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तो परवानाही घालवून बसेल.

दुसरं. दुबईत चालेल, पण ती कंपनी मंत्रालयाची परवानाधारक आहे का ते बघा आणि ग्रॅच्युइटी, तिकीट, विमा कोणाकडे ते करारात आकड्यांनिशी लिहा. कंपनी मध्येच बंद पडली तर माणसाचे पैसे कुठून, हेही विचारा. माल विकायचा तिथला परवाना मात्र तिच्यामुळे तुम्हाला मिळत नाही, आणि ताईंनी सांगितलेला स्थायी ठिकाणाचा प्रश्न तसाच राहतो. माणूस तिच्या नावावर असला तरी साठा तुमचा आणि ऑर्डर तुमच्या.

पांझरा_ते_म्युनिक

जर्मनीत मनुष्यबळ कंपनीला माणूस दुसऱ्याकडे लावायचा सरकारी परवाना लागतो. एक माणूस एकाच कंपनीकडे कमाल १८ महिने, करारावर 'हा मनुष्यबळ पुरवठा आहे' असं स्पष्ट, आणि माणसाचं नाव काम सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं. यातलं चुकलं तर तो कायद्याने थेट तुमचा कर्मचारी ठरू शकतो. वर्षभर बाजार आजमावायला हा मार्ग ठीक आहे. पण चौदाव्या महिन्यातच पुढचं ठरवा, सतराव्यात ठरवून नोंदणी वेळेत होत नाही.

आणि कधी काढायची वेळ आली तर. नोकरी वाचवणारा तिथला मोठा कायदा दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या ठिकाणाला, सहा महिन्यांनंतर लागतो. जळगावचे ६० त्यात सहसा धरत नाहीत, म्हणून एकट्या माणसाला तो लागणार नाही. नोटीस मात्र द्यावीच लागते: प्रोबेशनमध्ये दोन आठवडे, नंतर चार आठवडे आणि तीही महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. नोटीस कागदावर, शाईच्या सहीची, त्याच्या हातात. व्हॉट्सॲप, ईमेल, पीडीएफ, काहीही चालत नाही. सही मालकाची किंवा अधिकृत भागीदाराची हवी. मॅनेजरने सही केली तर मुखत्यारपत्राची मूळ प्रत सोबत जोडा. नाही तर तो 'अधिकार दाखवला नाही' म्हणून ताबडतोब परत करू शकतो आणि तोवर १५ तारीख उलटून गेलेली असते.

सीए_चाळीसगाव

एक राहिलं. एलएलपीच्या करारनाम्यात परदेशातले करार आणि नोटिसा यांवर कोण सही करणार ते नावानिशी लिहून घ्या. त्याची इंग्रजी प्रत नोटरी करून जर्मनीच्या प्रतिनिधीकडे द्या. भारताचं अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) जर्मनी मानत नाही, तेव्हा आणखी काय लागतं ते त्यालाच विचारा. दुबईसाठीही अपोस्टिल चालत नाही, तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साक्षांकन आणि मग यूएई दूतावासाचं. म्हणून दोन संच वेगळे करा आणि एलएलपीचं नोंदणीपत्र हातात पडलं की त्याच आठवड्यात कामाला लावा.